जुने फ्लाइट सिम्युलेटर नव्या विंडोजवर कसे चालवावे

२००३ मध्ये आलेले मायक्रोसॉफ्टचे विमान उडवण्याचे ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ किंवा २००६ चे ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ आजच्या विंडोज १० किंवा ११ वर चालते का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘चालते’ असेच आहे. मात्र डिस्क घालून ‘सेटअप’वर दोनदा क्लिक केले की काम फत्ते, अशी स्थिती आता राहिलेली नाही. अडचणी पुष्कळ दिसत असल्या तरी त्यांची मुळे मोजकीच असतात: प्रोग्रॅमला ज्या फोल्डरमध्ये लिहायचे आहे तेथे लिहिण्याची परवानगी नसणे, पूर्वी विंडोजसोबत आपोआप येणारे काही भाग आता नसणे, डिस्कवरील जुनी कॉपी-संरक्षण यंत्रणा नव्या विंडोजने नाकारणे आणि ३२-बिट प्रोग्रॅमला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा. आपली अडचण यांपैकी कोणत्या कारणाने आली आहे हे ओळखता आले, तर जुन्या याद्यांमधील पन्नास ‘ट्वीक’ (सेटिंगमधले छोटे फेरफार) एकामागून एक करून पाहण्याची वेळ येत नाही. या लेखात मुख्यतः वरील दोन आवृत्त्यांचा विचार केला आहे, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या हाती बहुधा त्याच येतात.

फाईलींची आणि सेटिंगांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर टाईप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत लिहावीत.

आधी आपल्याकडील आवृत्ती ओळखा

‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ दोन रूपांत आढळते. पहिले रूप म्हणजे डीव्हीडीवरील मूळ आवृत्ती. तिच्यासाठी २००७ मध्ये दोन सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचे एकत्रित संच) आले आणि त्याच वर्षी ‘ॲक्सेलरेशन’ हा विस्तारही आला. दुसरे रूप म्हणजे डोव्हटेल गेम्सने डिसेंबर २०१४ मध्ये आणलेली, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून उतरवून घेण्याची ‘स्टीम एडिशन’. तुमच्याकडे स्टीम एडिशन असेल, तर या लेखातील बरेचसे कष्ट वाचतील, कारण सर्व्हिस पॅक आणि ॲक्सेलरेशन त्यात आधीच समाविष्ट आहेत आणि डिस्कचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही रूपे जवळ असल्यास नवशिक्याने स्टीम एडिशनच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीव्हीडीवाल्यांनी आपल्याकडे नेमकी कोणती पायरी इन्स्टॉल झाली आहे हे तपासायचे असेल, तर मुख्य फोल्डरमधील ‘एफएसएक्स डॉट ईएक्सई’ या फाईलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डीटेल्स’ हा भाग उघडावा. तेथील आवृत्ती क्रमांकाचा तिसरा गट ६०९०५ असेल तर ती मूळ आवृत्ती आहे, ६१३५५ असेल तर पहिला सर्व्हिस पॅक, ६१४७२ असेल तर दुसरा आणि ६१६३७ असेल तर ॲक्सेलरेशन. हा क्रमांक एका कागदावर टिपून ठेवावा. ॲड-ऑन, म्हणजे वेगळी मिळणारी जादा विमाने, विमानतळ वगैरे, बसवताना तो पुन्हा लागतो.

१९९० च्या दशकातील आवृत्त्यांची गोष्ट वेगळी आहे. १९९३ चे ५.० आणि १९९५ चे ५.१ हे डॉस या जुन्या प्रणालीवरचे प्रोग्रॅम आहेत आणि त्यांच्यासाठी डॉसची नक्कल करणारा ‘डॉसबॉक्स’ हाच सरळ मार्ग आहे. त्या दशकातील विंडोजच्या प्रोग्रॅमबाबत वेगळाच घोळ होतो: प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट असतो, आणि ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही. ‘इन्स्टॉलशील्ड’ या साधनाने बनवलेले काही जुने इन्स्टॉलर विंडोज स्वतःच ओळखून त्यांच्या जागी ३२-बिट पर्याय वापरते; तसे न झाल्यास जुन्या विंडोजचे आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) उभारणे हाच खात्रीचा उपाय उरतो. ‘८६बॉक्स’सारखे एम्युलेटर तर त्या काळातील ‘व्हूडू’ ग्राफिक्स कार्डाचीही नक्कल करते.

डिस्कच्या संरक्षणाचा अडसर

‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ चार सीडींवर येत असे आणि उड्डाण करताना चौथी सीडी ड्राईव्हमध्ये असणे आवश्यक असे. ही तपासणी ‘सेफडिस्क’ नावाची यंत्रणा करते आणि त्यासाठी तिला ‘एसईसीडीआरव्ही’ हा ड्रायव्हर लागतो. विंडोज १० मध्ये हा ड्रायव्हर पहिल्यापासूनच नाही. सप्टेंबर २०१५ मधील एका सुरक्षा अपडेटने तो विंडोज व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ मध्येही बंद केला, कारण त्याच्यातील त्रुटीचा फायदा घेऊन सामान्य वापरकर्त्याच्या खात्यातून संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येत होता. परिणाम असा, की नव्या विंडोजवर सिम्युलेटर इन्स्टॉल होते, आयकॉनही दिसतो, पण त्यावर क्लिक केल्यावर काहीच घडत नाही. नवशिका अशा वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरला दोष देत बसतो आणि पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवतो. खरे कारण हे असते.

यावर कोठून तरी तो जुना ड्रायव्हर मिळवून बसवावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. रोजच्या वापराच्या संगणकावर ज्ञात भगदाड असलेला ड्रायव्हर मुद्दाम बसवणे शहाणपणाचे नाही. तपासणी काढून टाकलेली मुख्य फाईल अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेण्यातही दोन प्रश्न आहेत: ती फाईल स्वच्छ आहे याची हमी नसते आणि तिचा वापर कायद्यात बसतो की नाही हे देशागणिक बदलते. विंडोज एक्सपीवरचा एखादा जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ या कामासाठी ठेवता येत असेल, तर तो सर्वांत निर्धोक मार्ग होय. नाहीतर ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’कडे वळावे, कारण त्याची जुनी विमाने आणि विमानतळ यांचा साठाही तितकाच मोठा आहे.

इन्स्टॉल करण्यापूर्वीची तयारी

सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे सिम्युलेटर कोठे ठेवायचे हा होय. इन्स्टॉलर स्वतःहून ‘प्रोग्रॅम फाईल्स’ हे फोल्डर सुचवतो. तो मान्य न करता सी किंवा डी ड्राईव्हच्या मुळाशी ‘एफएसएक्स’ अशा छोट्या नावाचे फोल्डर तयार करून तेथे इन्स्टॉल करावे.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. व्हिस्टापासून पुढच्या सर्व विंडोज ‘प्रोग्रॅम फाईल्स’मध्ये सामान्य प्रोग्रॅमला लिहू देत नाहीत, पण जुन्या प्रोग्रॅमला तसे सांगतही नाहीत. प्रोग्रॅमने लिहिलेली फाईल गुपचूप वापरकर्त्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरमध्ये वळवली जाते. ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’मध्ये याचा फटका विशेष बसतो, कारण जोडलेल्या सीनरीची, म्हणजे विमानतळ आणि प्रदेशांच्या दृश्यांची, यादी असलेली त्याची ‘सीनरी डॉट सीएफजी’ ही फाईल मुख्य फोल्डरमध्येच असते. सिम्युलेटरमधून एखादा विमानतळ जोडला की ‘व्हर्च्युअलस्टोअर’मधील प्रत बदलते. पुढे दुसऱ्या विमानतळाचा इन्स्टॉलर प्रशासकाच्या अधिकाराने चालतो आणि मुख्य फोल्डरमधील मूळ प्रत बदलतो. सिम्युलेटर मात्र पहिली प्रत वाचत राहते. त्यामुळे एक विमानतळ दिसतो, दुसरा दिसत नाही, आणि फाईल उघडून पाहिली तर नोंद जागच्या जागी असते. या एका घोळापायी लोकांनी अख्खे विंडोज नव्याने बसवल्याची उदाहरणे आहेत. फोल्डर बाहेर ठेवले की हा प्रकार मुळातच संपतो.

दुसरी तयारी विंडोजच्या पर्यायी भागांची. ‘स्टार्ट’मध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ असे शोधून ती खिडकी उघडावी. तेथे ‘लेगसी कॉम्पोनन्ट्स’खाली ‘डायरेक्टप्ले’ असते. ते निवडावे, कारण २००४ सारखी आवृत्ती एकापेक्षा अधिक खेळाडूंच्या उड्डाणासाठी त्यावर अवलंबून आहे. त्याच यादीतील ‘डॉटनेट फ्रेमवर्क ३.५’ सिम्युलेटरला स्वतःला लागत नसले, तरी अनेक जुन्या ॲड-ऑनच्या साहाय्यक प्रोग्रॅमना लागते, म्हणून तेही आताच सुरू करून ठेवावे.

तिसरी तयारी डायरेक्टएक्सची, म्हणजे गेमना ग्राफिक्स दाखवण्यासाठी लागणाऱ्या विंडोजच्या भागाची. नव्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असल्यामुळे ९ ची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो, आणि तो अर्धाच खरा आहे. डायरेक्टएक्स ९ चा गाभा विंडोजमध्ये आजही आहे. पण त्या काळातील गेम ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणाऱ्या ज्या साहाय्यक फाईली वापरत, त्या विंडोजसोबत येत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा ‘डायरेक्टएक्स एंड-यूझर रनटाइम्स’ हा जून २०१० चा संच बसवला की त्या फाईली मिळतात. तो आधीच्या डायरेक्टएक्सला धक्का लावत नाही. सुटी डीएलएल फाईल देणाऱ्या संकेतस्थळांकडे मात्र फिरकू नये.

इन्स्टॉल करण्याचा क्रम

डीव्हीडीवरून इन्स्टॉल करताना क्रमाला फार महत्त्व आहे. प्रथम मूळ आवृत्ती बसवावी आणि ती एकदा सुरू करून, कोणतेही साधे विमान धावपट्टीवर आणून, सिम्युलेटर नीट बंद करावे. या पहिल्या फेरीत त्याच्या सेटिंगच्या फाईली तयार होतात. त्यानंतर पहिला सर्व्हिस पॅक, पुन्हा एक फेरी, मग दुसरा. ॲक्सेलरेशन असेल तर दोन्ही सर्व्हिस पॅक वगळून थेट तेच बसवावे, कारण त्यात ते दोन्ही अंतर्भूत आहेत. हे सर्व पूर्ण होईपर्यंत एकही ॲड-ऑन बसवू नये. सर्व्हिस पॅक ज्या फाईली बदलतो त्या ॲड-ऑनने आधीच बदललेल्या असतील, तर पॅक अर्ध्यावर थांबतो.

नव्या संगणकात डिस्क ड्राईव्ह नसल्यास यूएसबीवरचा बाह्य ड्राईव्ह चालतो.

पहिले उड्डाण

सुरू करण्यापूर्वी मुख्य ईएक्सई फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कॉम्पॅटिबिलिटी’ हा भाग पाहू. येथील ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ हा रामबाण उपाय आहे असे समजून अनेकजण सर्वप्रथम त्यातच विंडोज एक्सपी निवडतात. माझा सल्ला उलट आहे: तो आरंभी रिकामाच ठेवावा. सिम्युलेटर त्याशिवाय चालत असेल, तर जुन्या विंडोजचे सोंग घेऊन उगाच नवे दोष ओढवून घेण्यात अर्थ नाही. मुळीच सुरू होत नसेल तरच एक्सपीचा सर्व्हिस पॅक ३ निवडून पाहावा. ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’बाबतही तेच, फोल्डर ‘प्रोग्रॅम फाईल्स’च्या बाहेर असेल, तर त्याची गरज सहसा भासत नाही.

त्याच पानावरील एक सेटिंग मात्र उपयोगी आहे. ४के पडद्यावर विंडोज सर्व काही १५० किंवा २०० टक्के मोठे करून दाखवते आणि जुन्या प्रोग्रॅमला याची कल्पना नसते. मग चित्र धूसर दिसते, किंवा कॉकपिटमधील बटणावर क्लिक केले तर भलतेच बटण दाबले जाते. ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडून ‘ओव्हरराइड’च्या चौकटीत खूण करावी आणि खालच्या यादीत ‘ॲप्लिकेशन’ निवडावे.

पूर्ण पडद्यावर मेनू उघडताच पडदा काळा होत असेल, तर ‘ऑल्ट’ आणि ‘एंटर’ एकत्र दाबून खिडकीच्या रूपात यावे. रुंद पडद्यावर कॉकपिट फारच जवळ आल्यासारखे वाटत असेल, तर ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’मधील ‘वाइडव्ह्यूॲस्पेक्ट’ या ओळीत ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहावे.

ही फाईल कोठे असते, असा प्रश्न येथे पडेल. कीबोर्डवरील विंडोज कळ आणि ‘आर’ दाबून येणाऱ्या ‘रन’ या चौकटीत ‘%ॲपडेटा%’ असे टाईप करावे. उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘एफएसएक्स’ सापडेल. २००४ साठी तेथेच ‘एफएस९’ असते. फाईल नोटपॅडमध्ये उघडते. बदल करण्यापूर्वी सिम्युलेटर बंद असावे, नाहीतर बंद होताना काही नोंदी ते आपल्या जुन्या मूल्यांसह पुन्हा लिहिते.

मेमरी आणि वेग

संगणकात ३२ जीबी मेमरी असूनही ‘मेमरी संपली’ असा संदेश देऊन सिम्युलेटर बंद पडले, की वापरकर्ता चक्रावून जातो. हे प्रोग्रॅम ३२-बिट असल्यामुळे बसवलेली मेमरी कितीही असली, तरी त्यांना दिसणारा मेमरीच्या पत्त्यांचा अवकाश (म्हणजे वापरता येणारी मेमरी) ठरावीकच असतो: दुसऱ्या सर्व्हिस पॅकनंतरच्या ‘एक्स’ला ६४-बिट विंडोजवर ४ जीबी मिळतात, तर २००४ ला २ जीबीच. तपशीलवार विमान, मोठे शहर आणि दाट ढग एकाच वेळी आले की ही मर्यादा गाठली जाते, आणि ती गाठण्याची जागा बहुधा लांब उड्डाणाच्या शेवटी, विमानतळावर उतरतानाची असते. उपाय म्हणजे दृश्याची त्रिज्या आणि ऑटोजेनची (आपोआप उभ्या राहणाऱ्या घरा-झाडांची) घनता कमी करणे, तसेच ज्या प्रदेशात उड्डाण नाही त्याची सीनरी ‘सीनरी लायब्ररी’तून तात्पुरती बंद ठेवणे. दुसऱ्या संगणकावरून आणलेल्या जुन्या सेटिंग फाईलीत टेक्स्चरच्या (पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांच्या) आकाराचे मूल्य ४०९६ असेल, तर ते १०२४ करावे.

शेकडो ट्वीकपैकी एकच मी विनासंकोच सुचवेन: ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’मधील ‘ग्राफिक्स’ या शीर्षकाखाली ‘हायमेमफिक्स=१’ ही ओळ. ती नसल्यास उपकरणांच्या तबकड्या किंवा विमानाचे भाग काळे पडत जातात, मेनूतली अक्षरे नाहीशी होतात. स्टीम एडिशनमध्ये याची सोय आधीच केलेली आहे. प्रोसेसरचे गाभे (कोअर) वाटून देणारी ‘ॲफिनिटीमास्क’सारखी सेटिंगे चार गाभ्यांच्या जमान्यात कोणीतरी आपल्या यंत्रासाठी शोधलेली असतात, ती आजच्या प्रोसेसरवर जशीच्या तशी उतरवण्यात काही हशील नाही.

वेगाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. ‘एक्स’चे मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालते आणि सर्व्हिस पॅकने इतर गाभ्यांवर टाकलेले काम प्रामुख्याने भूपृष्ठाचे टेक्स्चर तयार करण्याचे आहे. म्हणून महागडे ग्राफिक्स कार्ड बसवूनही गजबजलेल्या विमानतळावर चित्र अडखळते. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये दर सेकंदाला दाखवायच्या फ्रेमची (चित्रांची) मर्यादा ३० ठेवली, तर आकडा कमी दिसला तरी हालचाल अधिक सलग वाटते.

जॉयस्टिक अधूनमधून हरवते तेव्हा

जॉयस्टिक सुरुवातीला चालते आणि अर्ध्या तासाने प्रतिसाद देणे बंद करते, ही तक्रार नव्या विंडोजवर नेहमीची आहे. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीचा पुरवठा खंडित करते आणि परत जोडलेले उपकरण जुन्या सिम्युलेटरला ओळखता येत नाही. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ भागातील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढून टाकावी. त्याआधी रनच्या चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ चालवून जॉयस्टिक विंडोजला नीट दिसते आहे याची खात्री करावी. तेथेच अक्ष थरथरत असेल, तर दोष सिम्युलेटरचा नाही.

ॲड-ऑन

नुसते सिम्युलेटर एक-दोन लांब उड्डाणे निर्वेध पार पाडू लागले, की मगच ॲड-ऑनला हात घालावा, आणि एका वेळी एकच बसवावे. ‘एक्स’साठीची बहुतेक ॲड-ऑन ‘सिमकनेक्ट’ नावाच्या दुव्याने सिम्युलेटरशी बोलतात. या दुव्याच्या तीन आवृत्त्या आहेत (मूळ, पहिल्या सर्व्हिस पॅकची आणि दुसऱ्याची) आणि प्रत्येक ॲड-ऑन आपल्याला हवी तीच आवृत्ती मागते. नवी आहे म्हणून जुनीचे काम भागत नाही. स्टीम एडिशनमध्ये या जुन्या आवृत्त्या आपोआप बसत नाहीत, पण त्यांचे इन्स्टॉलर ‘एसडीके’ (विकसकांची साधने) या फोल्डरच्या आत ‘सिमकनेक्ट एसडीके’खालील ‘लेगसीइंटरफेसेस’मध्ये ठेवलेले असतात. तिन्ही एकापाठोपाठ चालवून घ्यावेत.

बंद पडल्यावर काय वाचावे

सिम्युलेटर अचानक बंद पडले तर अंदाज बांधण्याऐवजी ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावा. ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘ॲप्लिकेशन’ या यादीत त्या वेळेची लाल खुणेची नोंद असते आणि तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ या शब्दांपुढे एका फाईलीचे नाव असते. ते नाव एखाद्या ॲड-ऑनचे असेल, तर गुन्हेगार सापडला. ‘टेरेन’ असेल, तर शेवटी जोडलेल्या सीनरीकडे पाहावे. ‘यूआयऑटोमेशनकोर’ असेल आणि मेनू वारंवार उघडल्यावर सिम्युलेटर पडत असेल, तर तो विंडोज ७ पासूनचा परिचित दोष आहे.

नावावरून काहीच बोध झाला नाही, तर ‘एफएसएक्स डॉट सीएफजी’ दुसऱ्या नावाने बाजूला ठेवावी. पुढच्या वेळी सिम्युलेटर कोरी फाईल तयार करते. दोष गेला नाही, तर त्याच फोल्डरमधील ‘डीएलएल डॉट एक्सएमएल’ आणि ‘ईएक्सई डॉट एक्सएमएल’ यांची नावे बदलावीत. सिम्युलेटरसोबत आपोआप सुरू होणाऱ्या ॲड-ऑनची यादी या दोन फाईलींत असते, त्यामुळे आता ते त्यांच्याविना उघडेल. तसे ते सुरळीत चालले, तर मूळ नावे परत देऊन ‘डीएलएल डॉट एक्सएमएल’मधील एकेका नोंदीत ‘डिसेबल्ड’च्या पुढे ‘ट्रू’ लिहीत जावे. दोषी भाग तिसऱ्या-चौथ्या नोंदीपर्यंत हाती लागतो आणि तेवढाच काढून टाकता येतो.

मॅकवर

मॅकवर मुख्य सिम्युलेटर म्हणजे एक्स-प्लेन. त्याच्या नवव्यापर्यंतच्या आवृत्त्या ३२-बिट आहेत आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत; कोणत्याही सेटिंगने हे बदलता येत नाही. दहाव्या आवृत्तीत १०.२० पासून ६४-बिट रूप मिळते, म्हणून निदान तेथवर अपडेट करणे भाग आहे. नववीच हवी असेल, तर मॅकओएस मोहावे किंवा त्याआधीची प्रणाली असलेला मॅक वेगळा राखून ठेवावा लागतो.